किटीवेकची मागची खोली

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरात गोदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एके काळी पबच पब होते. बोटीवरून उतरलेला गडी एकेका दारात एकेक ग्लास रिचवत घराकडे निघाला, तर घर येईस्तोवर त्याला बायकोचं नाव आठवत नाही, असं लोक हसत सांगायचे. त्या सगळ्या पबांत दर शुक्रवारी पाऊल टाकणारी आणि कुठेही थेंबसुद्धा न घेणारी एकच बाई होती. एनिड मॉवर.

एनिड जाळी विणायची. गोदीमागच्या लांबलचक शेडमध्ये पंधरा-वीस बायका उभ्याने मासेमारी बोटींची, ट्रॉलरची, जाळी विणत, त्यांत तीही. सुताने तिच्या बोटांना घट्टे पडले होते आणि हात कितीही घासले तरी डांबराचा वास जात नसे. लग्न झालं नव्हतं. आई आणि ती, दोघी दोन खोल्यांत राहायच्या. धाकटी बहीण ऑड्री शेजारच्या गल्लीत. तिचा नवरा केन 'थॉर्नवुड' नावाच्या ट्रॉलरवर खलाशी होता. मॉवरांचं सगळं घर बेथेल चॅपलचं. त्या चॅपलमध्ये मुलं जरा मोठी झाली, की दारूला कधी शिवणार नाही अशी शपथ घेत. एनिडने घेतली, ऑड्रीनेही घेतली. एनिडचं ते शपथपत्र आईने काचेत बसवून भिंतीवर लावलं होतं.

शुक्रवारी शेडमधून आली की एनिड निळा कोट चढवायची, टोपी घालायची, आणि काखेत चॅपलच्या पेपरांचा गठ्ठा व हातात पत्र्याची डबी घेऊन निघायची. ड्यूक, टर्क्स हेड, वेलिंग्टन, किटीवेक, ब्लू पीटर, असं करत पार धक्क्यापर्यंत. पेपरात दारूपायी धुळीला मिळालेल्या घरांच्या गोष्टी असत, आणि तो विकत घेणारे असत हातात ग्लास धरलेले खलाशी. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

चॅपलमध्ये एनिड मागच्या बाकावरची बाई होती. तिला तिथे कुणी काही विचारत नसे. शेडमध्येही ती फारशी बोलायची नाही. पण पबच्या दारातून आत शिरली, की कुठून कोण जाणे, तिला तोंड फुटायचं.

"काय मिस मॉवर, आज स्वर्गाचं तिकीट कितीला?" वेलिंग्टनमधला म्हातारा सिड ग्रॅबर्न दर शुक्रवारी ओरडायचा.

"तीन पेन्स. तुम्हाला सहा. तुमचं सामान जास्त आहे."

सगळा पब खो खो हसायचा. एनिड घरी जाताना तेच वाक्य मनात घोळवत जायची. मग तिला वाटायचं, आपल्याला इतकं बरं का वाटतंय? हे काही बरं नव्हे. आणि झोपण्याआधीच्या प्रार्थनेत ती त्या हसण्याबद्दल क्षमा मागायची.

तिला सगळ्यांत बरं वाटायचं ते किटीवेकमध्ये. तिथली मालकीण क्वीनी बॉरिल. अंगाने थोराड, हात कायम पाण्यात असल्यासारखे लाल, आवाज असा की तिने "वेळ संपली!" म्हटलं की समोरच्या दुकानातल्या मांजरी पळत. नवरा गेल्यावर पब तिने एकटीने चालवला होता आणि ती पबच्याच माडीवर राहायची. एनिड आली की ती शेकोटीजवळच्या खुर्चीवर बसलेल्याला उठवायची.

"ऊठ रे, टोणग्या. बस गं पोरी. देवाचं काम करणाऱ्यांनाही पाय असतात."

आणि तिच्या हातात गरम लिंबू सरबताचा पेला द्यायची. एनिड पाच मिनिटं बसायची. आठवड्यात तिला कुणी "बस" म्हणायचं ते तेवढंच.

एकोणीसशे त्रेसष्ट सालचा जानेवारी. थंडी अशी की गोदीच्या कडेचं पाणी गोठलं होतं. 'थॉर्नवुड' आइसलँडकडून परतायची होती, ती आली नाही. दुसरा दिवस गेला. बोटीचा बिनतारी संदेशही बंद पडलेला. कंपनीच्या कचेरीने खलाशांच्या बायकांना सांगितलं, काही कळलं तर किटीवेकला फोन करू. कारण त्या टोकाला फोन होता तो तिथेच.

तो रविवार होता. रविवारी कायद्याने पब दुपारी दोनला बंद व्हायचे ते संध्याकाळी सातला उघडायचे. क्वीनीने दोनला सगळ्या गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, पुढच्या दाराला कडी घातली, पडदे ओढले, आणि बायकांना बाजूच्या दाराने मागच्या खोलीत नेऊन बसवलं. तिथे फोन होता आणि विस्तव होता.

ऑड्रीची पोरगी त्या दिवशी एनिडच्या आईकडे होती. पोरगी जेवली, झोपली, एवढं सांगायला आणि ऑड्रीची जाड शाल द्यायला एनिड तिकडे गेली. बाजूच्या दारावर टकटक केलं. क्वीनीने दार उघडून तिला आत ओढलं.

आत आठ जणी बसल्या होत्या. टेबलावर ग्लास होते. ऑड्री दोन्ही हातांनी ब्रँडीचा ग्लास धरून विस्तवाकडे बघत होती. एनिडला बघताच तिने ग्लास मांडीत घेतला आणि वर रुमाल टाकला.

"तिच्याकडे असं बघू नकोस," क्वीनी म्हणाली. "दात वाजत होते तिचे. मी पाजली."

तेवढ्यात एका बाईने पर्स उघडली. क्वीनीने ती तिच्या हातातल्या हातात मिटवली. "आत ठेव ते. गल्ला बंद आहे. आज तुम्ही माझ्या घरी आलायत, पबात नाही."

हे एनिडने कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं.

अंधारून आलं तेव्हा फोन वाजला. 'थॉर्नवुड' आइसलँडच्या एका खाडीत सुखरूप उभी होती. बर्फाच्या भाराने बिनतारी यंत्राचा खांब मोडला होता, एवढंच. बायका रडल्या, हसल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. ऑड्रीला हसताना उचकी लागली. क्वीनीने एनिडच्या टोपीवरच मुका घेतला. एनिडही हसली, मोठ्याने हसली.

गोष्ट इथेच संपायची. पण मंगळवारी चॅपलमध्ये प्रार्थनासभा होती. तिथले पाद्री मिस्टर लीडबेटर गोदीच्या रस्त्यावरचे पब कमी व्हावेत म्हणून झटत होते. फेब्रुवारीत दंडाधिकाऱ्यांपुढे परवान्यांची सुनावणी व्हायची होती, आणि ते म्हणाले, "आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही या घरांत आत काय चालतं."

"मला माहीत आहे," एनिड मागच्या बाकावरून म्हणाली.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. पुढच्या बाकांवरच्या, टोपीला पिसं लावणाऱ्या बायकांनीसुद्धा. एनिडला आपल्या छातीची धडधड ऐकू येत होती, पण ती भीतीची नव्हती. ती बोलत गेली. पुढचं दार बंद, पडदे ओढलेले, रविवारची भर दुपार, टेबलावर ग्लास. बहिणीचं नाव तिने घेतलं नाही. चॅपलची शपथ घेतलेली मॉवरांची लेक ब्रँडी पीत होती हे कसं सांगणार? आणि ती तिथे का बसली होती हे सांगायचं, तर ती कोण हेही सांगावं लागलं असतं. म्हणून तिने तेवढं गाळलं.

"मिस मॉवर," लीडबेटर म्हणाले, "तुम्ही पुढे येऊन बसा."

दोन दिवसांनी ते स्वतः घरी आले. आईने ठेवणीतल्या कपबश्या काढल्या. "फक्त जे पाहिलंत ते सांगायचं," ते म्हणाले. "खोट्याचं एक अक्षर नको." ते गेल्यावर आई कितीतरी वेळ म्हणत राहिली, "साहेब आपल्या घरी आले. तुझ्यासाठी आले." एनिडने कपबश्या विसळायला घेतल्या. नाही म्हणायची वेळ तिच्या हातून केव्हाच निसटली होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी ती ऑड्रीकडे गेली. ऑड्री कपड्यांच्या घड्या घालत होती.

"उद्या मला कोर्टात बोलायचंय. किटीवेकबद्दल. तुझं नाव येणार नाही."

ऑड्रीचे हात थांबले. मग तिने घडी पुरी केली. "नक्की नाही येणार ना?"

"नाही."

"मग ठीक आहे," ऑड्री म्हणाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

कोर्टात क्वीनी तिच्या काळ्या कोटात, टोपी घालून उभी होती. एनिडला बघून तिने सवयीने मान हलवली, जणू शुक्रवारच आहे. एनिडने जे पाहिलं ते सांगितलं. दार, पडदे, ग्लास, आठ बायका. दंडाधिकारी म्हातारे, जरा बहिरे, पण चांगले गृहस्थ होते. त्यांनी क्वीनीला विचारलं, "या बायका कोण होत्या?"

"माझ्या घरी आलेल्या, साहेब."

"त्यांची नावं?"

"ती नावं त्यांची आहेत, साहेब. माझ्याकडे देण्यासारखी नाहीत."

आणि तिने एकदा मागे वळून बघितलं. प्रेक्षकांच्या बाकांवर चॅपलची माणसं होती. बाकी कुणी नव्हतं.

दंडाधिकाऱ्यांनी एनिडकडे मोहरा वळवला. "घरी आलेल्या पाहुण्यांना फुकट पाजलं असेल, तर गोष्ट वेगळी. मिस मॉवर, तुम्ही तिथे होतात. या बाईंनी पैसे घेतले का?"

लीडबेटर तिच्याकडे बघत होते. पुढच्या बाकावर आई बसली होती, नवीन हातमोजे घालून. 'नाही' हा एवढासा शब्द. पण तो म्हटला असता, तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याच्या पुढचा, आणि शेवटी ऑड्री.

"मी तिकडे लक्ष दिलं नाही," एनिड म्हणाली.

क्वीनीने तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. भर गर्दीत आपल्या माणसाने ओळख दाखवली नाही तर माणूस बघतं, तसं ती बघत होती.

परवाना गेला. मार्चच्या शेवटी किटीवेकच्या दाराला फळ्या ठोकल्या. पब गेला तसं माडीवरचं घरही गेलं. क्वीनीने मासे धुरवण्याच्या कारखान्यामागे एक खोली भाड्याने घेतली. चॅपलमध्ये आभाराची प्रार्थना झाली. एनिडला आता पुढच्या दुसऱ्या बाकावर जागा होती. तिथे बसून तिने स्तोत्राचं पुस्तक उघडलं आणि तिला एकही ओळ दिसेना.

पुढच्या शुक्रवारी तिला वाटलं, जाऊच नये. पण गेली नाही तर का गेली नाही हे सगळ्यांना कळेल, म्हणून गेली. ड्यूकमध्ये पेपर खपले. टर्क्स हेडमध्ये खपले. वेलिंग्टनमध्ये सिड ग्रॅबर्नने तीन पेन्स डबीत टाकले, पेपर घडी करून खिशात घातला आणि आपल्या ग्लासाकडे वळला. तिकिटाचं काही विचारलं नाही. एनिड क्षणभर उभी राहिली. तिने उत्तर तयार ठेवलं होतं.

किटीवेकवरून मान खाली घालून ती ब्लू पीटरमध्ये शिरली, आणि तिथे बारमागे, बाह्या वर सारून, क्वीनी ग्लास धूत होती. दुसऱ्याच्या पबात, दुसऱ्याच्या हुकमाखाली.

एनिड दारातच थांबली. क्वीनीने हात पुसले, एप्रनच्या खिशातून नाणी काढली आणि पुढे आली.

"दे एक," ती म्हणाली.

"तुम्हाला नको," एनिड पुटपुटली. "म्हणजे, असाच घ्या. पैसे नकोत."

"पैसे का नकोत?" क्वीनीने नाणी डबीत टाकली. "मी मोजून देते, तू मोजून घे. मग कुणाला विचारायची वेळ यायला नको."

तेवढंच बोलली. त्यानंतर दर शुक्रवारी, वर्षानुवर्षं, क्वीनीने एक पेपर घेतला. कधी टोमणा नाही, कधी वाकडा शब्द नाही. "दे एक." पैसे डबीत. खुर्ची मात्र कुणी दिली नाही, ना तिथे ना आणखी कुठे. एनिडला वाटायचं, कुणीतरी ओरडावं. कुणीतरी डबी हिसकावून फेकावी. सिडने एकदा तरी तोंडावर म्हणावं की बाई, तू काय केलंस. पण लोक नीट वागत होते. तिच्यासाठी दार धरत होते. ती पबात शिरली की बोलणं जरासं खाली यायचं, आणि ती बाहेर पडली की पुन्हा वर जायचं. ही आपली शिक्षा आहे, असं तिने मनाशी धरलं, आणि कुरकुर न करता भोगली.

ऑड्रीशी तो विषय कधी निघाला नाही. ऑड्री रविवारी यायची, मुलीचं सांगायची, केनच्या पाठदुखीचं सांगायची. पण गोदीकडे जायचं झालं, तर ती किटीवेकच्या बाजूने न जाता लांबच्या वळणाने जायची. एनिडला वाटायचं, ती माझ्यावर रागावली आहे.

मग पब एकेक करून गेले. त्यासाठी एनिडला काही करावं लागलं नाही. आइसलँडने आपला समुद्र परक्या बोटींना बंद केला, ट्रॉलर भंगारात निघाले, आणि ज्यांच्या जिवावर ती दारं उघडी होती ती माणसंच राहिली नाहीत. 'थॉर्नवुड' मोडीत गेली तेव्हा केन धक्क्यावर जाऊन उभा राहिला होता. वेलिंग्टनचं गालिचांचं दुकान झालं. टर्क्स हेड एका रात्रीच्या आगीनंतर पाडला. ड्यूक रस्ता रुंद करताना गेला, आणि त्याच रस्त्याखाली किटीवेकची रिकामी इमारतही गेली. जाळ्यांची शेड बंद झाली. एनिडचा शुक्रवारचा फेरा आखूड होत गेला. शेवटी एकच दार उरलं, ब्लू पीटरचं.

मधल्या काळात सरकारने दुपारचा तो बंदचा नियमच काढून टाकला. आधी इतर दिवसांचा, मग रविवारचाही. रेडिओवर ती बातमी लागली तेव्हा एनिड बटाटे सोलत होती. आता रविवारी दुपारी तीन वाजता कुणीही, कुठेही, पैसे देऊन हवं तेवढं पिऊ शकत होतं. तिने रेडिओ बंद केला. आई केव्हाच वारली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी तिने तोंड भिंतीकडे केलं.

चॅपलही टिकलं नाही. माणसंच येईनात. शेवटच्या प्रार्थनेला जेमतेम दोन बाकं भरली. चॅपल बंद, तसा पेपरही बंद. पुढचा शुक्रवार आला. एनिडने सवयीने कोट चढवला, टोपी घातली, आणि मग तिच्या लक्षात आलं की हातात घ्यायला काहीच नाही. तरी ती गेली. ब्लू पीटरसमोरच्या बसथांब्यावर बसली. रिकाम्या हाताने पबात कशाला शिरायचं? लोक विचारतील, काय हवंय बाई? आणि ती काय सांगणार होती? पेपर काखेत असताना ती देवाच्या कामाला आली होती. आता ती नुसतीच आली असती. बसमागून बस गेली. मग ती घरी परतली.

असे काही शुक्रवार गेले. एकदा ऑड्री दुकानातून येताना तिला तिथे बसलेली दिसली. ऑड्री आता विधवा होती, गुडघे धरलेले, हातात काठी.

"इथे काय करतेस?"

"बसची वाट बघतेय."

"कुठली बस? तू कुठे जाणारेस?" ऑड्री शेजारी टेकली. समोर ब्लू पीटरची खिडकी होती. आतल्या कोपऱ्यात क्वीनी दिसत होती. काम तिने केव्हाच सोडलं होतं, पण दुपारी ती तिथे येऊन बसायची. केस पांढरेशुभ्र, पाठ वाकलेली.

एनिड तिकडे बघत म्हणाली, "इतक्या वर्षांत मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, ऑड्री. सिड नाही, ती नाही, तू नाही. तू तरी बोलायचं होतंस. इतका राग होता का तुझा?"

ऑड्रीने तिच्याकडे वळून पाहिलं. "राग? तुझा?"

"मग?"

"कुठल्या तोंडानं बोलणार होते मी तुला?" ऑड्रीचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. "आठ जणी होतो आम्ही त्या खोलीत. एकीनं जरी कोर्टात जाऊन सांगितलं असतं की बाईनं एक पेनी घेतली नाही, तर पब वाचला असता. कोर्ट काय लांब होतं? मी घरी बसले होते. कपड्यांच्या घड्या घालत. बेट्टी क्रॅग घरी बसली होती. सगळ्याच घरी बसल्या होत्या. कुणाला नवऱ्याची भीती, कुणाला सासूची, कुणाला चॅपलची. आणि पुरुषांनाही सगळं माहीत होतं. आमच्याचकडून कळलं होतं ना. सिडची सून होती आत. तुला कोण काय बोलणार? तू आलीस की सगळ्यांना आपलंच थोबाड दिसायचं."

इतकी वर्षं एनिडला वाटत होतं की सारा रस्ता तिच्याकडे बघतोय. रस्ता तर जमिनीकडे बघत होता. हे कळून जरा हलकं वाटायला हवं होतं. पण तिला दिसत होती ती काळ्या कोटातली बाई, एकदाच मागे वळून बघणारी. तेव्हा तिला वाटलं होतं की क्वीनी चॅपलच्या माणसांकडे बघतेय. तेव्हा ती कुणाला शोधत होती, ते आज कळलं. तिच्या कानशिलांत ऊन पाण्यासारखी शरम चढत गेली. स्वतःच्या शिक्षेचा केवढा थाट केला होता तिने, आणि त्या सगळ्यात क्वीनी एकटी पडली हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"चल," ती ऑड्रीला म्हणाली.

"कुठे?"

"आत."

दोघी रस्ता ओलांडून आत गेल्या. क्वीनीने मान वर केली.

"दोघी एकदम? कोण गेलं?"

"कुणी नाही," ऑड्री म्हणाली. ती काठीवर रेलून उभी होती. "क्वीनी, त्या वेळी, त्रेसष्ट साली, आम्ही..."

क्वीनीने हात वर केला. तिचे हात अजून तसेच लाल होते.

"नको. ते नको सांगूस."

"सांगू दे गं. मला..."

"तुला बरं वाटेल, ठाऊक आहे मला. मला काय वाटेल?" ती शांतपणे बोलत होती. "मी त्या दिवशी मागं वळून बघितलं. चॅपलवाले सोडले तर बाकं रिकामी होती. ते माझं बघून झालं. आज तुम्ही दोघी इथं येऊन उभ्या राहिलात म्हणून ती भरत नाहीत." मग तिने एनिडकडे पाहिलं. "आणि तू. तू निदान आलीस तरी होतीस कोर्टात."

ती ते कशा अर्थाने म्हणाली, हे एनिडला तेव्हा कळलं नाही, आणि विचारायचं धाडस पुढेही कधी झालं नाही.

"आता उभ्या काय राहिलात खांबासारख्या? बसा. आणि कुणीतरी मला स्टाउट आणा. घसा सुकला तुमच्यामुळे."

ऑड्रीला गुडघ्यांनी बसवलं. म्हणजे जायचं एनिडला. ती बारपाशी गेली. या बारवर तिने हजारदा डबी ठेवली होती, पण काही मागितलं कधीच नव्हतं.

"काय देऊ?" बारवरच्या मुलीने विचारलं.

"स्टाउट."

"कुठली? बाटलीतली की नळाची? पाइंट की हाफ?"

एनिडच्या गालांवर रक्त चढलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, मिस मॉवर पाजायला लागल्या की काय!" आणि दोन-तीन म्हातारे हसले.

"ती घेते तीच दे," तिने क्वीनीकडे बोट केलं.

काळ्या बिअरचा ग्लास भरून आला. तो दोन्ही हातांनी धरून ती टेबलापर्यंत आली, आणि येईस्तोवर निम्मा फेस तिच्या बाहीवर सांडला होता. क्वीनीने ग्लासाकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं.

"माझ्या पबात असं सांडणाऱ्याला मी दाराबाहेर काढायची," ती म्हणाली.

'माझ्या पबात.' एनिडने मान खाली घातली. क्वीनी सावकाश प्यायला लागली.

त्यानंतर एनिड दर शुक्रवारी तिच्यासाठी स्टाउट आणायची. हळूहळू सांडणं थांबलं. क्वीनीने माफ केलं असं कधी म्हटलं नाही. ती हवामानाचं बोलायची, पायांचं बोलायची, नव्या मालकाला ग्लास धुता येत नाहीत यावर बोलायची. दोन हिवाळ्यांनंतर ती झोपेतच गेली.

ब्लू पीटर अजून आहे. मालक बदलले, आता तिथे थाई जेवणही मिळतं. एनिड शुक्रवारी जाऊन बसते. नवी पोरं तिला जुनं गिऱ्हाईक समजतात. या रस्त्यावर पूर्वी कुठले कुठले पब होते, असं कुणीतरी विचारतंच, कारण ते सगळे आतून पाहिलेलं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. ती सांगते. ड्यूक कुठे होता, टर्क्स हेडच्या छताला काय टांगलेलं असायचं. ते का बंद पडले, हेही सांगते. समुद्र, बोटी, रस्ता, आग.

"आणि किटीवेक?"

तिथे आल्यावर ती समुद्राचं नाव घेत नाही. मागच्या खोलीचं सांगते, मिटवलेल्या पर्सचं सांगते, कोर्टात आपल्याला काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, ते जसंच्या तसं सांगते. काही गाळत नाही. ऐकणाऱ्यांची पंचाईत होते. त्यांना गंमत ऐकायची असते. ते ग्लासात बघायला लागतात. मग कुणीतरी चांगल्या मनाचं म्हणतं, "जाऊ द्या हो, किती जुनी गोष्ट."

एनिड मग वेलिंग्टनचं सांगायला लागते.